फूल की दोन पाने? : गोव्याचा जनमत कौल, सीमेच्या अलीकडून

गोव्यात १६ जानेवारी हा दिवस ‘अस्मिताय दीस’ म्हणून पाळला जातो. १९६७ साली याच दिवशी गोमंतकीय जनतेने मतपत्रिकेवरील फूल आणि दोन पाने या दोन चिन्हांपैकी एकावर शिक्का मारून आपल्या भूमीचे भवितव्य ठरविले. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून स्वतंत्र अस्तित्व. दोन पानांची सरशी झाली. या घटनेविषयी गोव्यात विपुल लिहिले गेले आहे. सीमेच्या अलीकडे, आमच्या सिंधुदुर्गात, मात्र सारा इतिहास एका वाक्यात गुंडाळण्याची रीत पडून गेली आहे. ‘पाद्र्यांनी आणि किरिस्तांवांनी गोवा महाराष्ट्रात येऊ दिला नाही’, हे ते वाक्य. कुडाळच्या बाजारापासून वालावलच्या ओसरीपर्यंत ते आम्ही अनेकदा ऐकले आहे. बोलणाऱ्याच्या मनात आकस असतोच असे नाही. कित्येकदा ते हसत हसत, जुनी भाऊबंदकी आठवावी तसे बोलले जाते. पण आम्ही मराठी बोलणारे, मराठीत लिहिणारे आणि त्याचबरोबर ख्रिस्ती असल्यामुळे हे वाक्य आम्हांला दोन्ही बाजूंनी लागते. ते खरे आहे काय, एवढेच येथे तपासून पाहावयाचे आहे.

प्रथम या प्रदेशाची घडण ध्यानात घ्यावी लागेल. पोर्तुगीजांचा गोवा एका दिवसात उभा राहिला नाही. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्क याने बेट जिंकले; पुढे तिसवाडी, बार्देस आणि सासष्टी हे महाल त्यांच्या अंमलाखाली आले. यांना जुन्या काबिजादी म्हणतात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या नव्या काबिजादी मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. त्यांतील पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. म्हणजे कुडाळ महालातील माणूस आणि पेडण्याचा माणूस एकाच संस्थानची प्रजा होते. त्यांची दैवते, सोयरीक, दशावतार, बोली, सारे एकच. पेडणे पोर्तुगिजांकडे राहिले ते अवघी १७३ वर्षे. सासष्टी आणि बार्देस त्यांच्याकडे चारशे वर्षांहून अधिक काळ होते. एकाच ‘गोवा’ या नावाखाली दोन निरनिराळ्या वयाचे प्रदेश नांदत होते, हे ज्याने जाणले त्याला १९६७ चा निकाल अर्धाअधिक उलगडलाच म्हणून समजावे.

दुसरी गोष्ट भाषेची. येथे आम्हांला फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते. हा इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने आयुष्याची चाळीस वर्षे प्रामुख्याने सासष्टीत वेचली. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, ते मराठीत, ओवीबद्ध. लिपी मात्र रोमन. त्याच स्टीफन्सने कोकणी भाषेचे व्याकरण रचले, ते त्याच्या पश्चात १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे सासष्टीतला ख्रिस्ती माणूस सतराव्या शतकाच्या आरंभी घरात कोकणी बोलत होता आणि देवळात मराठी पुराण ऐकत होता. या दोन गोष्टींत त्याला काही विरोध वाटत नव्हता. मराठीवादी आणि कोकणीवादी हे दोघेही पुढे स्टीफन्सला आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा करू लागले, आणि गंमत अशी की दोघांनाही तसा अधिकार आहे.

ही वीण उसवली ती १६८४ मध्ये. त्या वर्षी व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने स्थानिक लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषेचा अवलंब करावा, असा हुकूम काढला. हुकमाने भाषा मरत नाही, आणि कोकणी मेली नाही. परंतु मराठीशी आणि देवनागरीशी जुन्या काबिजादींतील ख्रिस्ती समाजाचा जो सांधा होता तो तुटला. पुढच्या पिढ्यांनी कोकणी रोमन अक्षरांत लिहिली, शिक्षण पोर्तुगीजमध्ये घेतले, पोटासाठी मुंबई-कराची-आफ्रिका गाठली तेव्हा इंग्रजी शिकली. मराठी त्यांच्यासाठी शेजाऱ्याची भाषा होऊन बसली. याच काळात नव्या काबिजादींत कीर्तन, नाटक, शाळा, पंचांग, जमाखर्च हे सारे मराठीतच चालू होते. सीमेच्या अलीकडे आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचे आणखी वेगळे. बार्देसातून निघून वाडी संस्थानच्या आश्रयाला आल्याच्या हकिकती ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात ते आमचे लोक घरी कोकणी, बाजारात मालवणी आणि शाळेत मराठी, अशा तीन भाषांत वाढले. म्हणूनच १९६७ चा प्रश्न त्यांना कळायला सोपा आणि सोडवायला अवघड गेला असावा.

आता प्रत्यक्ष घटनाक्रमाकडे वळू. आमच्या भागाने गोव्याच्या मुक्तीसाठी काय सोसले हे विसरता येणार नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले सत्याग्रही बांद्याहून पत्रादेवीच्या हद्दीत शिरले. त्या दिवशी सीमेवर ठिकठिकाणी पोर्तुगिजांनी केलेल्या गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही प्राणांस मुकले. त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी संबंध तोडले, ये-जा थांबली आणि खाडीच्या दोन तीरांवरची नाती सहा वर्षे तुटून राहिली. १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेनेने गोवा मुक्त केला तेव्हा, आता वेंगुर्ले-सावंतवाडीप्रमाणे पेडणे-म्हापसेही एकाच राज्यात येणार, असे इकडच्या माणसाला वाटले तर नवल नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीत गोव्याचेही नाव घेतले जातच होते. राज्य होऊन तेव्हा दीड वर्षच झाले होते. विजयाचा कैफ ओसरला नव्हता.

गोव्याची पहिली निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली. दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १४ जागा, डॉ. जॅक डी सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२, आणि गोव्याच्या २८ मतदारसंघांत काँग्रेसला एकही नाही. बांदोडकर मूळचे पेडण्याचे, स्वकष्टाने वर आलेले खाणमालक. बहुजन समाजाचा, कुळांचा, मुंडकारांचा त्यांना पाठिंबा होता. शेकडो वर्षे भाटकारांच्या दारात उभे राहिलेल्या माणसाला महाराष्ट्रात जाणे म्हणजे जमीनदारीतून सुटणे वाटत होते. विलीनीकरण हा त्याच्या दृष्टीने भाषेपेक्षा भाकरीचा प्रश्न होता. बांदोडकरांनी गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या आणि १९६४ मध्ये कूळ कायदा आणला, हे त्यांचे कर्तृत्व त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले आहे.

बहुमत हाती असल्याने १९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केला. सिक्वेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आक्षेप असा की, सरकार निवडून देणे वेगळे आणि प्रदेशाचे अस्तित्वच मिटविणे वेगळे. हा निर्णय आमदारांनी नव्हे, प्रत्येक मतदाराने घ्यावयास हवा. गोव्यातील काँग्रेसचे ज्येष्ठ नेते पुरुषोत्तम काकोडकर यांनी हाच आग्रह दिल्लीत धरला. गोमंतकीयांच्या इच्छेविरुद्ध काही होणार नाही, असे आश्वासन पंडित नेहरूंनी पूर्वीच दिलेले होते. अखेर १९६६ च्या डिसेंबरमध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकर सरकारने त्याच महिन्यात राजीनामा दिला. सत्तेवरचा पुढारी प्रतिपक्षाच्या मागणीला मान देऊन खुर्ची सोडतो, हे दृश्य आपल्या राजकारणात फार वेळा दिसलेले नाही.

हा स्वतंत्र भारतातील एकमेव जनमत कौल होय, असे सर्रास म्हटले जाते; ते तितकेसे बरोबर नाही. जुनागढमध्ये फेब्रुवारी १९४८ मध्ये आणि सिक्कीममध्ये एप्रिल १९७५ मध्ये लोकांचे मत घेण्यात आले होते. पण ते प्रश्न भारतात सामील होण्याचे होते. भारतातच राहून कोणत्या राज्यात असावे की नसावे, हे मतपेटीतून विचारले गेले ते १९६७ मध्येच. सिक्वेरांच्या लोकांवर फुटीरपणाचा आरोप झाला, तो याच कारणाने निराधार ठरतो. ते दिल्लीपासून दूर जाऊ पाहत नव्हते. उलट मुंबईला मध्ये न घेता थेट दिल्लीच्या छत्राखाली राहू इच्छीत होते.

मुद्दे कोणते होते? दोन पानांच्या बाजूने सांगितले जाई की, गोवा महाराष्ट्रातला एक जिल्हा होऊन राहील, नोकऱ्या बाहेरचे लोक घेतील, कोकणीला स्थान राहणार नाही. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा असल्याने रेंदेर आणि काजूवाले यांच्या पोटावर पाय येईल, हीही भीती होती. शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेणाऱ्यांनी माड आणि काजूवर गोव्यातील किती चुली पेटतात याचा विचार करावा. फुलाच्या बाजूने भाषेचे ऐक्य, संस्कृतीचे ऐक्य, बहुजनांचा उद्धार आणि मोठ्या राज्याचे बळ हे मुद्दे होते. दोन्ही बाजूंना सत्य होते, आणि दोन्ही बाजूंना अतिशयोक्तीही होती.

आता ज्याने आम्हांला हा विषय घ्यावयास लावले त्या मर्माच्या गोष्टीकडे येऊ. विलीनीकरणाविरुद्धची लढाई बव्हंशी कोणत्या भाषेत लढली गेली? कोकणी गीते आणि सभा तर होत्याच. मनोहरराय सरदेसाई यांच्यासारखे कवी आणि उल्हास बुयांव यांच्यासारखे गायक गावोगाव फिरले. परंतु हिंदू वाचकाच्या मनावर ज्याने परिणाम केला ते मडगावचे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठी होते. चंद्रकांत केणी त्याचे संपादक, आणि त्यात उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत. विलीनीकरणवादी ‘गोमन्तक’ हेही मराठीच. म्हणजे गोव्याने महाराष्ट्रात जावे की नाही, यावरचा सारा वाद गोमंतकीय हिंदू समाज मराठीतच घालत होता. मराठी वाचणारा, मराठीवर प्रेम करणारा माणूस मराठी अग्रलेख वाचून महाराष्ट्राला नकार देऊ शकतो, ही गोष्ट आमच्या इकडच्या लोकांच्या ध्यानात आली नाही. भाषा एक म्हणजे राज्य एक, हे सूत्र आपण इतके पाठ केले होते की त्याला अपवाद असू शकतो हे कोणाला सुचले नाही.

आता आकडे पाहू, कारण हा वाद आकड्यांनीच मिटण्याजोगा आहे. एकूण मतदार ३,८८,४३२. मतदान ३,१७,६३३, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. दोन पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०, बाद ७,२७२. फरक ३४,०२१ मतांचा. त्या काळी गोव्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण दोन-पंचमांशांहून कमीच होते. ते पूर्ण दोन-पंचमांश धरले, दोन्ही समाजांत मतदान सारखेच झाले असे मानले आणि त्यांतील प्रत्येकाने, एकही अपवाद न होता, दोन पानांवर शिक्का मारला अशी अशक्य कल्पना केली, तरी ती मते १,२७,००० च्या पुढे जात नाहीत. उरलेली निदान ४५,००० मते कोणाची? ती ख्रिस्तेतरांची, आणि त्यांत हिंदूंची, असल्यावाचून गत्यंतर नाही. त्यातच, गोव्याबाहेर राहणाऱ्या गोमंतकीयांना या कौलात मत नव्हते. मुंबईच्या कुडांत आणि जहाजांवर राबणाऱ्या हजारो ख्रिस्ती गोमंतकीयांना आपले म्हणणे मतपेटीत टाकताच आले नाही.

सासष्टीने दोन पानांना भरभरून मते दिली, पेडण्याने फुलाला. हे अपेक्षितच होते. ख्रिस्ती मतदार मोठ्या प्रमाणावर विलीनीकरणाच्या विरोधात होता आणि काही धर्मगुरू त्या बाजूने उघड बोलत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. नाकारण्याचे कारणही नाही, कारण मत देणे हा गुन्हा नव्हे. मात्र १७,०११ माणसांनी दोन पानांऐवजी फुलावर शिक्का मारला असता तर निकाल फिरला असता. त्या १७,०११ जणांना थोपवून धरणारे केणी, भेंब्रे, सरदेसाई, काकोडकर आणि कोकणीसाठी हयात वेचणारे रवींद्र केळेकर यांपैकी कोणीही आमच्या देवळात गुडघे टेकणारा नव्हता. ज्यांना ‘पाद्र्यांनी घडविले’ असे म्हणावयाचे असेल त्यांनी ही नावे एकदा वाचावीत.

पुढे जे घडले ते आम्हांला सर्वांत बोलके वाटते. कौलानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. ज्या मतदारांनी बांदोडकरांचे विलीनीकरण नाकारले त्यांनीच बांदोडकरांना पुन्हा निवडून दिले. मगोपला १६ जागा, युनायटेड गोवन्सला १२. भाऊसाहेब १२ ऑगस्ट १९७३ रोजी निधन पावेपर्यंत मुख्यमंत्री होते; त्यांच्यामागून त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर त्या पदावर आल्या. मतदाराने शाळा आणि कूळ कायदा देणारा पुढारी ठेवला आणि त्याची मूळ मागणी बाजूला सारली. त्याने मराठी शाळाही सोडल्या नाहीत. याला मराठीचा पराभव म्हणावयाचे असेल तर पराभव या शब्दाचा अर्थ बदलावा लागेल.

अर्थात दोन पानांच्या विजयाने सगळ्यांचेच समाधान झाले असेही नव्हे. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८५ पासून राजभाषेचे आंदोलन पेटले आणि १९८६ च्या डिसेंबरात त्यात बळी गेले. फेब्रुवारी १९८७ च्या कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा झाली व मराठीलाही शासकीय वापरात स्थान राहिले. ३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले. पण सासष्टीतील ज्या ख्रिस्ती माणसाने कोकणीसाठी दोन पानांवर शिक्का मारला होता, त्याची रोमन लिपी या कायद्यात आली नाही. ती खंत अजून बोलली जाते. १६८४ चा हुकूम काढणाऱ्याने त्याला देवनागरीपासून दूर नेले, आणि १९८७ च्या कायद्याने देवनागरीच प्रमाण ठरविली. मधल्या तीनशे वर्षांत तो कोणत्या अक्षरांत प्रार्थना करीत होता हे पाहावयास कोणाला सवड झाली नाही.

प्रदेशाच्या अस्मितेचा प्रश्न केवळ आपल्याकडेच आहे असे मानू नये. फादर स्टीफन्स ज्या विल्टशर परगण्यातून आले तो जुन्या वेसेक्स राज्याचा भाग. वेसेक्स, मर्सिया, नॉर्थम्ब्रिया ही राज्ये इंग्लंडचे एकीकरण होण्यापूर्वीची, हजार वर्षांहून जुनी. तरी विसाव्या शतकात त्यांच्या नावाने चळवळी उभ्या राहिल्या. कॉर्नवॉलमध्ये ‘मेबियन केर्नो’ हा पक्ष १९५१ पासून आहे. मर्सियाच्या पुरस्कर्त्यांनी तर २००३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चौकात स्वातंत्र्याची घोषणाही केली. ती कोणी फारशी मनावर घेतली नाही. पण ४ नोव्हेंबर २००४ रोजी जुन्या नॉर्थम्ब्रियाच्या मुलखातील ईशान्य इंग्लंडच्या लोकांना, तुम्हांला स्वतःची निर्वाचित प्रादेशिक सभा हवी काय, असे खरोखरच विचारण्यात आले, तेव्हा सुमारे ७८ टक्के मतदारांनी ‘नको’ म्हणून सांगितले. अभिमान गाणाऱ्यांची संख्या आणि शिक्का मारणाऱ्यांची संख्या एक नसते, हे तेथेही दिसले आणि गोव्यातही. फरक इतकाच की, तेथे वेगळेपण नाकारले गेले आणि येथे ते राखले गेले. दोन्हीकडे निर्णय विचारल्यावरच कळला.

आणि सगळ्यांनाच काही विचारले गेले नाही. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हा कुडाळ महालातील रयतेपुढे कोणी मतपेटी ठेवली नव्हती. विदर्भाचे वेगळे राज्य करावे असे १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने सुचविले. तेथेही लोकांचा कौल घेतला गेला नाही. बेळगावचे मराठी भाषक इतकी वर्षे टाहो फोडीत आहेत. त्यांच्या वाट्याला आयोग आले, खटले आले, कौल आला नाही. गोव्याला तो मिळाला, आणि मिळालेला निकाल महाराष्ट्राने कुरकुरत का होईना मान्य केला. हे श्रेय दोन्ही बाजूंना दिले पाहिजे.

सीमा राहिली, व्यवहार थांबला नाही. तिळारीचे पाणी दोन्ही राज्ये वाटून घेतात. वालावलजवळच्या चिपीला २०२१ मध्ये विमानतळ झाला आणि त्यानंतर सव्वा वर्षाच्या आतच पेडण्यातील मोप येथे दुसरा. आमच्या जिल्ह्यातील तरुण दररोज पत्रादेवी ओलांडून कामाला जातात, आजारी माणसे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेली जातात. २०१८ च्या आरंभी तेथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा सिंधुदुर्गात मोठी खळबळ उडाली. आणि त्याच सुमारास दोडामार्ग तालुक्यातून, आम्हांला महाराष्ट्रातून काढून गोव्यात विलीन करा, अशी मागणी पुढे आली. एकावन्न वर्षांपूर्वीचा प्रश्न आता उलट्या दिशेने, त्याच खाडीच्या दुसऱ्या अंगाने विचारला जात होता. या खेपेला मात्र मतपत्रिका छापल्या गेल्या नाहीत; गोव्याच्या दवाखान्याचे शुल्क महाराष्ट्राच्या आरोग्य योजनेतून कसे भागवावे यावर दोन सरकारांची बोलणी झाली, आणि दोडामार्गची मंडळी पुन्हा आपापल्या काजूच्या बागांकडे वळली.